नवी वेगवान मोटारसायकल आणि नवा चालक

(बालाघाट जिल्हा व त्याच्या सीमेलगतचा धानपट्टा डोळ्यांसमोर ठेवून दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून निर्माण करण्यात आला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बालाघाट, गोंदिया आणि भंडारा हा सारा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या एकाच राज्यात होता. पुढे सीमारेषा आखली गेली. सोयरिकी मात्र जेथल्या तेथेच राहिल्या. वारासिवनी, कटंगी, लांजी या भागांतील कितीतरी घरांत आजही मराठी व पोवारी बोली ऐकू येते, आणि लग्नकार्य, बाजारहाट, दवाखाना यांसाठी गोंदिया, तुमसर किंवा नागपूर येथे जाणे हे नित्याचेच असते. या येण्याजाण्याचा भार पूर्वी बैलगाडी, सायकल आणि सातपुड्यातील छोट्या रेल्वेने वाहिला. आज तो मुख्यत्वे मोटारसायकलीवर आला आहे.

या मुलखात मोटारसायकल काही नवी नाही. राजदूत किंवा येझदी ही गाडी एके काळी गावचा धान्यव्यापारी, ग्रामसेवक, पशुवैद्य अथवा एखादा सुखवस्तू शिक्षक यांच्याच दारी दिसे, आणि तिच्या आवाजावरून तिला 'फटफटी' हे नाव पडले होते. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० ही गाडी बाजारात आली. तिची शक्ती जेमतेम सात अश्वशक्तीच्या घरात होती. परंतु तीत पेट्रोल कमी जळे व देखभाल बेताची लागे, म्हणून ती खेडोपाडी पोहोचली. २००१ साली पुण्याच्या बजाज कंपनीने पल्सर आणली व तरुणांची आवड वेगाकडे वळली. आता दीडशे ते दोनशे घनसेंटीमीटर क्षमतेच्या ज्या गाड्यांना 'स्पोर्ट' असे म्हटले जाते, त्यांची शक्ती अठरापासून पंचवीस अश्वशक्तीपर्यंत असते. म्हणजे वडिलांनी ज्या गाडीवर आयुष्य काढले, तिच्या अडीच ते साडेतीन पट शक्ती मुलाच्या उजव्या मुठीत पहिल्याच दिवशी येते. रस्ता बहुधा तोच असतो.

केवळ शक्तीपुरताच हा फरक असता तर मूठ कमी पिळून काम भागले असते. परंतु या गाडीची सारी बैठकच निराळी आहे. हँडल खाली व पुढे असते, पाय ठेवण्याचे खुंटे मागे व उंच असतात. त्यामुळे चालक पुढे झुकून बसतो आणि त्याच्या अंगाचा बराचसा भार मनगटांवर येतो. हा भार मनगटांवर राहिला तर हँडल मोकळेपणाने हलत नाही. तो पोट व पाठीच्या स्नायूंनी आणि टाकीला आवळलेल्या गुडघ्यांनी सावरावा लागतो, व हे शिकण्यातच काही आठवडे जातात. साध्या गाडीच्या मानाने हँडल दोन्ही बाजूंना कमी वळते. म्हणून अरुंद गल्लीत अथवा घराच्या अंगणात गाडी वळवताना ती आडवी होण्याचा संभव असतो. आरशांत पुष्कळदा मागच्या रस्त्याऐवजी स्वतःचे कोपरच अधिक दिसते. बसण्याची जागा उंच असल्याने बुटक्या चालकाचे पाय जमिनीवर पुरते टेकत नाहीत. खरेदीपूर्वी दुकानात गाडीवर बसून दोन्ही पायांचे पंजे टेकतात की नाही एवढे पाहिले तरी पुढचे अनेक किरकोळ अपघात टळतात. गाडीचा रंग मात्र सगळेच नीट निरखून घेतात.

मोटारसायकलींच्या अपघातांचा शास्त्रशुद्ध अभ्यास प्रथम मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत झाला. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे नऊशे अपघातांची घटनास्थळी जाऊन तपासणी केली, शिवाय पोलिसांकडील ३,६०० अहवाल पाहिले, आणि १९८१ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. आज तो जुना झाला असला तरी त्यातील काही निष्कर्ष आपल्याकडील गावांनाही तंतोतंत लागू पडतात. अपघातात सापडलेल्या चालकांपैकी निम्म्याहून अधिक जणांना त्या विशिष्ट गाडीवर पाच महिन्यांपेक्षा कमी काळ झाला होता. येथे 'त्या विशिष्ट गाडीवर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. पूर्वी दुसऱ्या गाडीवर वर्षानुवर्षे बसलेला मनुष्यही नव्या गाडीवर काही काळ नवशिकाच असतो. दुसरा निष्कर्ष असा की, शंभरापैकी ब्याण्णव चालकांनी कोठेही शिक्षण घेतलेले नव्हते. ते आपले आपण अथवा घरच्यांकडून आणि मित्रांकडून शिकले होते. तिसरा निष्कर्ष ब्रेकविषयी आहे. संकट दिसताच बहुतेकांनी मागचा ब्रेक गच्च दाबून चाक घसरवले होते, आणि पुढचा ब्रेक, जो खरोखर गाडी थांबवतो, तो पुरेसा वापरलाच नव्हता. संकट दिसल्यापासून धडक बसेपर्यंतचा अवधी बहुधा दोन सेकंदांहूनही कमी होता. एवढ्या वेळात मनुष्य विचार करून काही करू शकत नाही. हातापायांना जी सवय लागलेली असेल तेवढेच घडते.

आता आपल्याकडील व्यवस्था पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार गिअरची मोटारसायकल चालविण्यास वयाची अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. शिकाऊ परवाना मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या परवान्यासाठी परीक्षा देता येते. ही परीक्षा उत्तीर्ण झालेला तरुण दुसऱ्या दिवशी शंभर घनसेंटीमीटरची गाडी घेऊ शकतो आणि एक हजार घनसेंटीमीटरचीही. कायदा त्यात भेद करीत नाही. युरोपीय देशांत तसे नाही. तेथे प्रथम १२५ घनसेंटीमीटर व अकरा किलोवॅटपर्यंतची गाडी, पुढे ३५ किलोवॅटपर्यंतची, आणि त्यावर दोन वर्षे काढल्यानंतर परीक्षा देऊन कोणतीही, अशा पायऱ्या ठेवलेल्या आहेत. आपल्याकडे कायद्याने या पायऱ्या घातलेल्या नाहीत, म्हणून त्या घरातील वडीलधाऱ्यांनी घालाव्या लागतात. नवी गाडी परवडते म्हणून पहिली गाडी तीच असावी, असे नाही. घरातील जुन्या शंभर घनसेंटीमीटरच्या गाडीवर एक पावसाळा व एक हिवाळा काढलेला मुलगा वेगवान गाडीकडे वळला, तर त्याला रस्ता वाचण्याची सवय तरी झालेली असते.

पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ साली स्थापन झाली. वाहनांच्या कसोट्या घेऊन त्यांना प्रमाणपत्रे देणे हे तिच्या कामाचे एक अंग आहे. एखाद्या नव्या मोटारसायकलीचे ब्रेक, दिवे, धूर, आवाज यांची जेवढी कसून तपासणी होते, त्याच्या दशांशानेही ती चालविणाऱ्याची होत नाही, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

शिरस्त्राणाविषयी, म्हणजे हेल्मेटविषयी, फार बोलले जाते व तितकेच दुर्लक्षही केले जाते. केंद्र शासनाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील ७४,८९७, म्हणजे शंभरात चव्वेचाळीस ते पंचेचाळीस, दुचाकीवरील होती. डोक्यावर हेल्मेट नसताना मरण पावलेल्यांची संख्या ५०,०२९ होती, आणि त्यांत मागे बसलेले १४,३३७ जण होते. जगभरातील अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणावरून असे दिसते की, हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी व डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. तथापि, हे संरक्षण पट्टा आवळून बांधलेल्या हेल्मेटचे आहे. हँडलला अडकवलेल्या अथवा पोलीस चौकी दिसताच डोक्यावर ठेवलेल्या टोपीला ते लागू नाही. भारतीय मानक ४१५१ चा शिक्का असलेले, हनुवटीसह संपूर्ण चेहरा झाकणारे आणि डोके हलवल्यावर आत न फिरणारे हेल्मेटच घ्यावे. वेगवान गाडीवर चालक पुढे झुकलेला असल्याने पडताना तोंड व हनुवटी प्रथम आपटण्याचा धोका असतो, म्हणून अर्धे हेल्मेट या गाडीला मुळीच पुरेसे नाही. पडणारा माणूस स्वभावतःच तळहात पुढे करतो. यास्तव जाड हातमोजे, घोटा झाकणारे बूट आणि जाड कापडाची पँट ही चैन नव्हे. चपला घालून गिअर बदलणे तर निव्वळ अविचार आहे.

नव्या गाडीच्या पुस्तिकेत पहिल्या काही शे किलोमीटरपर्यंत इंजिन फार वेगाने फिरवू नये अशी सूचना असते. इंजिनातील भाग एकमेकांशी घासून नीट बसावेत यासाठी ती असते. नव्या टायरचा पृष्ठभागही गुळगुळीत असतो व पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरपर्यंत तो रस्त्याला पुरती पकड देत नाही. ब्रेकचे पॅडही चकतीशी जुळून यावे लागतात. बहुतेक तरुणांना हा काळ कंटाळवाणा वाटतो व तो केव्हा संपतो असे होऊन जाते. परंतु चालकाच्या शिक्षणासाठी याहून उत्तम काळ नाही. इंजिन, टायर आणि ब्रेक यांना जो संयम हवा असतो, नेमका तोच नवशिक्या हातांनाही हवा असतो. पहिले हजार किलोमीटर हा शाळेचा काळ मानावा, आणि त्यातील पहिले काही तास रस्त्यावर न जाता मोकळ्या मैदानात घालवावेत.

असे मैदान प्रत्येक गावात असते. आठवडी बाजाराची जागा बाजार नसलेल्या दिवशी रिकामीच असते. सुटीच्या दिवशी मुख्याध्यापकांच्या परवानगीने शाळेचे पटांगणही वापरता येते. पहिला धडा वेगाचा नसून मंदपणाचा असावा. क्लच अर्धवट सोडून, मूठ स्थिर ठेवून, मागचा ब्रेक हलका दाबून गाडी माणसाच्या चालीने सरळ रेषेत नेणे हे पाहणाऱ्याला सोपे वाटते. करणाऱ्याला घाम फुटतो. त्यानंतर दोन दगडांमध्ये सात-आठ पावलांचे अंतर ठेवून त्यांभोवती इंग्रजी आठचा आकडा काढावा. येथे नजर दगडावर न ठेवता जेथे जायचे आहे तेथे ठेवावी लागते. नजर जेथे खिळते तेथेच गाडी जाते, हा दुचाकीचा गुणही आहे व दोषही. रस्त्यातील खड्डा चुकवायचा म्हणून त्याच्याकडेच टक लावून पाहणारा चालक हमखास त्या खड्ड्यात जातो, हे गावात सगळ्यांनी पाहिलेले असते. कारण मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

ब्रेकचा धडा सर्वांत महत्त्वाचा असून त्याला सर्वांत अधिक वेळ द्यावा. खेड्यात एक समज दृढ आहे की, पुढचा ब्रेक दाबला की माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. त्यामुळे अनेक जण आयुष्यभर मागच्याच ब्रेकवर गाडी चालवतात. वस्तुस्थिती अशी की, गाडी थांबू लागताच तिचे वजन पुढच्या चाकावर येते आणि मागचे चाक हलके होते. म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावर थांबविण्याचे बहुतांश काम पुढचे चाकच करते. माणूस फेकला जातो तो पुढचा ब्रेक एकाएकी हिसक्याने दाबल्यामुळे. ओले कापड पिळताना हात जसा हळूहळू जोर वाढवीत जातो, तसा हा ब्रेक दाबावा: प्रथम हलका, चाकावर वजन येताच अधिक, आणि गाडी थांबता थांबता पुन्हा हलका. दोन्ही ब्रेक एकाच वेळी, हँडल सरळ, गाडी उभी. ताशी वीस किलोमीटरपासून आरंभ करून तीस, मग चाळीस असा वेग वाढवावा, एक खूण ठरवून तेथे ब्रेक लावावा आणि थांबलेले अंतर पावलांनी मोजावे. पाटीवर लिहून ठेवले तर आठवड्यागणिक झालेली प्रगती दिसते. विज्ञानाच्या शिक्षकांना वर्गात गतीचा धडा शिकविण्यासही हा प्रयोग उपयोगी पडेल.

त्या धड्याचे गणित असे आहे. संकट दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो असे धरले आणि ब्रेक चांगल्यापैकी दाबला, तर ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी सुमारे २१ मीटरमध्ये थांबते. ताशी ६० वर हे अंतर ४० मीटर होते आणि ताशी ८० वर ६३ मीटर. केवळ मागचा ब्रेक वापरला तर हेच अंतर दीडपटीपर्यंत जाऊ शकते. आता समजा, रस्त्यावर ४० मीटर पुढे शेताच्या धुऱ्याकडून एक बैलगाडी अकस्मात आली. ताशी ६० किलोमीटरने येणारा चालक तिच्याजवळ येऊन थांबतो. ताशी ८० ने येणारा त्याच जागी पोहोचतो तेव्हा त्याची गाडी अद्याप ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असते. वेगात केवळ वीसचा फरक होता. एकाला काहीच झाले नाही. दुसऱ्याला साठच्या वेगाची धडक बसली. दुपदरी साध्या रस्त्यांवर दुचाकीसाठी केंद्र शासनाने २०१८ साली ताशी ६० किलोमीटर ही जी कमाल मर्यादा ठरविली, तिच्याकडे या हिशेबाच्या प्रकाशात पाहावे.

१२५ घनसेंटीमीटरहून मोठ्या नव्या मोटारसायकलींना एप्रिल २०१९ पासून एबीएस ही यंत्रणा सक्तीची आहे. ती चाक जागीच अडकू देत नाही, त्यामुळे ब्रेक दाबूनही हँडल वळवता येते. यंत्रणा काम करू लागली की ब्रेकच्या दांडीत थरथर जाणवते. नवशिका घाबरून दांडी सोडतो व सारा लाभ घालवतो, म्हणून ही थरथर मैदानातच अनुभवून ठेवावी. मात्र या यंत्रणेलाही मर्यादा आहेत. सुट्या खडीवर, मुरुमावर अथवा चिखलावर ती थांबण्याचे अंतर कमी करील असा भरवसा नाही, आणि काही गाड्यांना ती केवळ पुढच्या चाकापुरतीच असते. आपल्या गाडीला कोणती आहे हे दुकानदाराला विचारून घ्यावे.

वळण घेण्याची क्रिया मोठी मनोरंजक आहे. विमानाचे जनक राइट बंधू मूळचे सायकल दुरुस्त करणारे व बनविणारे. त्यांतील विल्बर राइट यांनी डझनावारी सायकलस्वारांना, डावीकडे वळताना तुम्ही काय करता, असे विचारले. एकालाही पूर्णपणे बरोबर उत्तर देता आले नाही. डावीकडे वळायचे असता स्वार नकळत हँडल क्षणभर उजवीकडे नेतो, त्यामुळे सायकल डावीकडे कलते आणि मग वळते. मोटारसायकल थोडा वेग घेताच हेच घडते: डावी मूठ हलकेच पुढे ढकलली की गाडी डावीकडे कलते, उजवी ढकलली की उजवीकडे. पाय रोवून, अंग झोकून गाडी वळविण्याचा जो खटाटोप केला जातो, त्याने वेळ जातो. मैदानात ताशी तीसच्या वेगाने ही क्रिया जाणीवपूर्वक करून पाहावी, म्हणजे पुढे रस्त्यात कुत्रे आडवे आल्यास हात चुकीच्या दिशेने जाणार नाहीत.

मैदानानंतर रस्ता, पण त्यालाही क्रम असावा. आरंभी गावाजवळचा ओळखीचा सरळ रस्ता, तोही सकाळी. नंतर बालाघाटसारख्या शहरातील गर्दी, मग गोंदियाकडे जाणारा वाहता राष्ट्रीय महामार्ग. घाट, रात्र, पाऊस आणि मागे बसणारे माणूस ही चारही ओझी सर्वांत शेवटी, व एका वेळी एकच. एकाच दिवशी पाऊस, रात्र आणि मागे मित्र अशी तिन्ही एकत्र आली की, परीक्षेचा पेपर न शिकवलेल्या धड्यावर निघाला असे समजावे.

घाटाचा प्रश्न बालाघाटला विशेष आहे. शहरातून बैहरकडे जाणारा रस्ता गांगुलपाऱ्याच्या परिसरात डोंगर चढू लागतो, व सुटीच्या दिवशी तेथील तलाव आणि धबधबा पाहण्यास तरुणांचे थवे जातात. याच मार्गावर मँगनीज व तांब्याच्या खाणींच्या टापूकडे जाणारी अवजड वाहने असतात. वळणापूर्वीच, गाडी सरळ उभी असताना, वेग कमी करून गिअर उतरवावा. वळणात शिरल्यावर ब्रेकची आठवण झाली तर उशीर झालेला असतो. वेग ताशी ४० वरून ५० झाला की त्याच वळणावर गाडीला धरून ठेवण्यास लागणारी पकड सव्वापटीने नव्हे तर दीडपटीहून अधिक लागते, हे ध्यानात ठेवावे. वळणाच्या पलीकडचे जेवढे दिसते तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग असावा. चित्रपटात व शर्यतीत चालक रस्त्याची सारी रुंदी वापरून वळण कापतो, कारण तेथे समोरून कोणी येत नसते. घाटात समोरून येणाऱ्या बसला वळण घेण्यासाठी मधली रेघ ओलांडावीच लागते. म्हणून आपल्या बाजूच्या मध्याहूनही किंचित डावीकडे, परंतु कडेची खडी टाळून जावे. कललेल्या गाडीचे चाक मधल्या रेषेच्या आत असले तरी चालकाचे डोके रेषेबाहेर गेलेले असते, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. उतरताना गाडी कमी गिअरमध्ये ठेवून इंजिनाचा अडसर घ्यावा. उन्हाळ्याच्या तोंडी साग, साल आणि बांबू यांच्या वाळक्या पानांचे थर वळणात साचतात; ते चकचकीत फरशीइतके निसरडे असतात.

या जिल्ह्याचे धान प्रसिद्ध आहे. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु धानाचे वेळापत्रक हे मोटारसायकलीच्या संकटांचेही वेळापत्रक आहे. रोवणीच्या दिवसांत चिखलणी करून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांतून चिकणमातीचे पट्टे डांबरावर पडतात, आणि पहिल्या सरीबरोबर ते साबणासारखे होतात. कापणीनंतर काही ठिकाणी धान वाळविण्यासाठी रस्त्याचा एक भाग व्यापला जातो, तणस पसरलेली असते, आणि रात्री मागचा दिवा नसलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी असते. सायंकाळी गुरे परततात. जिल्ह्याचा निम्म्याच्या आसपास भाग वनाने व्यापलेला असून कान्हा व्याघ्र प्रकल्पाचा काही भाग याच जिल्ह्यात येतो, त्यामुळे बैहरकडच्या रस्त्यांवर सांजवेळी चितळ, रानडुक्कर आणि गवाही आडवे येतात. एक चितळ गेले म्हणून मूठ पिळू नये, मागे कळप असतो. रेल्वेचे रूळ तिरपे ओलांडू नयेत. पावसात ओल्या रुळावर चाक सरळ कोनातच न्यावे.

रात्रीच्या प्रवासाबद्दल थोडेच सांगणे पुरे. दिव्याचा खालचा झोत साधारण चाळीस-पन्नास मीटरपर्यंतच स्पष्ट दाखवतो, आणि ताशी ८० च्या वेगाने थांबण्यास त्रेसष्ट मीटर लागतात. ही दोन अंतरे शेजारी ठेवली की अंधारातील ट्रॉलीवर आदळणाऱ्याला ती 'अचानक' का दिसली, हे कळते. नवशिक्याने रात्री ताशी ५० च्या वर जाऊ नये.

मागे बसणाऱ्यांचा विचार शेवटी केला जातो, तो प्रथम व्हावयास हवा. वेगवान गाडीचे मागील आसन उंच, अरुंद आणि उतरते असते. लुगडे अथवा साडी नेसून एका बाजूस पाय सोडून बसण्यासाठी ते मुळीच केलेले नाही. पदर किंवा ओढणी चाकात गुंतण्याचा धोका तर सर्वच गाड्यांवर आहे. आईला दवाखान्यात न्यायचे असेल तर घरातील जुनी गाडी काढावी. कलम १२८ नुसार मागे एकच माणूस बसू शकते. कलम १२९ नुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट आवश्यक आहे, आणि फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या बालकाला सुरक्षा पट्ट्याने चालकाशी बांधून, त्याच्या मापाचे हेल्मेट घालून, गाडी ताशी ४० च्या आतच चालवावी लागते.

पालक व शिक्षक यांच्यासाठी कायद्यातील एक तरतूद आवर्जून सांगितली पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक अथवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. दहावी-बारावीच्या निकालावर मोटारसायकलीचे आमिष दाखविणाऱ्या घरांत हे माहीत असावे. शाळेच्या फाटकाबाहेर गाड्या लावून आत येणारी मुले शिक्षकांना दिसत नाहीत असे नाही. पालकांशी वाईटपणा नको म्हणून डोळेझाक होते. एखाद्या पालकसभेत हा विषय सर्वांसमोर एकदा निघाला, तर कोणा एकावर राग निघत नाही.

अधिकाऱ्यांकडेही काही कामे उरतात. वळणावर साचलेली खडी झाडणे, गतिरोधकांवर पांढरे पट्टे रंगविणे, कापणीच्या महिन्यांत ट्रॉलींच्या मागे परावर्तक पट्ट्या लावून घेणे, यांना मोठा निधी लागत नाही. ग्रामपंचायतीने महिन्यातून एक सकाळ बाजाराचे मैदान मोकळे ठेवून गावातील एखाद्या अनुभवी, संयमी चालकाच्या देखरेखीखाली ब्रेकचा सराव करून घेतला, तर परवान्याच्या परीक्षेत जे पाहिले जात नाही ते तेथे पाहिले जाईल. दंडाची मोहीम दोन दिवस चालते व तिसऱ्या दिवशी हेल्मेटे पुन्हा खुंटीवर जातात, हा अनुभव सर्वत्र आहे.

इतके करूनही अपघात घडतील. अशा वेळी जखमीभोवती गोळा होणारे लोक पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने मागे सरतात. ही भीती आता निराधार आहे. कलम १३४-अ ने सद्भावनेने मदत करणाऱ्यास दिवाणी व फौजदारी दायित्वापासून संरक्षण दिले आहे, आणि त्याने आपले नाव सांगण्याची सक्ती नाही. गंभीर जखमीस पहिल्या तासाच्या आत रुग्णालयात पोहोचविणाऱ्याला केंद्र शासन २०२१ पासून पाच हजार रुपये पारितोषिक देत असे. २०२५ मध्ये 'राहवीर' योजनेखाली ही रक्कम पंचवीस हजार करण्यात आली. त्याच वर्षी अपघातग्रस्तावर सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख रक्कम न घेता उपचार करण्याची योजनाही लागू झाली. ११२ किंवा १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा व किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगावा. जखमीला हातपाय धरून उचलू नये. मानेला हिसका बसता कामा नये. श्वास चालू असेल तर हेल्मेट ओढून काढण्याची घाई करू नये, फक्त समोरची काच वर करावी. पाणी पाजू नये.

चालक सुखरूप उठला, तरी गाडी दुरुस्त करून घेताना पुढचा काटा, चाकाची कड आणि ब्रेकची दांडी वाकली नाही ना, हे तपासून घ्यावे. हेल्मेट मात्र दुरुस्त होत नसते. एकदा जोराने आपटल्यावर त्याच्या आतील थर दबलेला असतो व तो पुन्हा पूर्ववत होत नाही. बाहेरून ओरखडाही दिसत नसला तरी ते टाकून द्यावे, घरातील धाकट्या भावाला वापरण्यास देऊ नये.